तलावातलं शेवाळ आणि अल्ट्रासाऊंडचं यंत्र : चाचणी घ्यायचीच तर कशी घ्यावी?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाच्या कडेला जुना तलाव आहे. त्यातच मी पोहायला शिकलो. आता होळी झाली की पाण्याचा रंग पालटायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये पोपटी साय धरते. वारा तिला ढकलत एका काठाला नेतो, तिथं ती बोटभर जाड साचते आणि कुजते. त्या बाजूच्या घरांना संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

नोकरीची सगळी वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. साय सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. मायक्रोसिस्टिस. आपण ज्याला नीलहरित शेवाळ म्हणतो ते खरं तर जिवाणूंच्या कुळातलं आहे, आणि त्याच्या काही जाती यकृताला घातक असं विष तयार करतात.

गेल्या महिन्यात तलाव समितीच्या बैठकीला एक विक्रेते आले होते. सौर पॅनेल बसवलेला तरंगता बोया आणि त्याखाली अल्ट्रासाऊंडचं यंत्र. माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडायचा, शेवाळ तळाशी बसतं, औषध टाकावं लागत नाही, माशांना त्रास नाही, असं त्यांचं म्हणणं. समितीला ते आवडलं. ठरलं असं, की एप्रिल ते जून तीन महिने यंत्र चालवून बघायचं आणि पाणी साफ झालं तर विकत घ्यायचं.

माझं मन इथंच अडलंय. जूनमध्ये पाऊस येणार. ओढा भरून वाहणार, सांडव्यावरून पाणी जाणार आणि साय वाहून जाणार. दरवर्षी हेच होतं. म्हणजे यंत्र पाण्यात बंद ठेवलं तरी जूनअखेर तलाव साफ दिसेल. मग आपण काय तपासलं?

यंत्राला माझा विरोध नाही. ते चालत असेल तर मला मनापासून आनंद होईल. पण गावाचा पैसा लागणार आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकदा "उपाय झाला" असं ठरलं की पुढची दहा वर्षं दुसरं कुणी काही करणार नाही. इथं कुणी असं यंत्र वापरलंय का? चाचणी कशी घ्यावी?

---

रेणुका_वनस्पती

पाणवठा सर, चांगला धागा. मी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते. अल्ट्रासाऊंडची कल्पना कुठून आली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

मायक्रोसिस्टिस वर का तरंगतं? त्याच्या पेशीत प्रथिनांच्या भिंतीच्या अतिसूक्ष्म पोकळ नळकांड्या असतात. त्यांत हवा असते, पाणी शिरत नाही. त्यांना वायुपुटिका म्हणू. उजेडाच्या गरजेप्रमाणे पाण्यात वरखाली करण्याची सोय त्यामुळे होते, आणि बाकीच्या शेवाळांना सावलीत ढकलून हे पुढे निघून जातं.

१८९५ मध्ये जर्मनीच्या क्लेबान यांनी एक प्रयोग केला, तो मी दरवर्षी मुलांना सांगते. तरंगणाऱ्या शेवाळाचं पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, बूच लावायचं आणि बुचावर हातोडी मारायची. दाबाच्या त्या एका धक्क्याने पुटिका चिरडतात. दुधाळ दिसणारं पाणी क्षणात गडद आणि पारदर्शक होतं आणि शेवाळ तळाला बसायला लागतं. पाहणारा चकित होतो.

अल्ट्रासाऊंडमागचा मूळ विचार हाच. हातोडीच्या जागी ध्वनिलहर. त्यामुळे कल्पनेला शास्त्राचा आधार आहे, हे आधी मान्य करू. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पुटिका चिरडल्या म्हणजे पेशी मेली असं नाही, ती एक-दोन दिवसांत नव्या पुटिका बांधू शकते. आणि ज्या शेवाळात पुटिका नसतातच, उदाहरणार्थ दगडावर किंवा काठाला धरणारं लांब केसाळ शेवाळ, त्याला ही हातोडी लागू होत नाही.

---

द्राक्षबाग

मी तासगावकडचा. आमचं शेततळं आहे, खाली प्लास्टिक अंथरलेलं. "मागेल त्याला शेततळे" योजना २०१६ मध्ये आली तेव्हापासून आमच्याकडं तळी वाढली आणि तळ्याबरोबर शेवाळही आलं. ठिबकवाल्याला शेवाळ म्हणजे काय ते विचारा. सँड फिल्टर दिवसातनं तीनदा बॅकवॉश करायचा, तरी ड्रिपर तुंबतात. ऐन छाटणीनंतर बागेला पाणी कमी पडलं तर वर्ष गेलं.

मी असलं यंत्र घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिल्या पंधरवड्यात पाणी खरंच निवळलं आणि मी चार जणांना फोन करून सांगितलं. महिन्याभरानं परत हिरवं झालं, आणि काठाच्या प्लास्टिकला केसाळ शेवाळ होतं ते तर हललंच नाही. रेणुकाताईंनी वर लिहिलंय ते वाचून आज त्याचं कारण समजलं.

नंतर घाईनं मोरचूद टाकला. शेवाळ गेलं, पण तळ्यातले मासेही गेले. सकाळी सगळे पांढरी पोटं वर करून पडले होते. गवत्या आणि रोहू होते, पोरानं हातानं खाऊ घालून वाढवलेले. तो दोन दिवस तळ्याकडं गेला नाही.

पहिल्या पंधरवड्यात पाणी कशानं निवळलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्याच आठवड्यात बोअरचं नवं पाणीही सोडलं होतं. म्हणून पाणवठा सरांचं म्हणणं मला पटतं.

---

गणिताची_वही

मी भौतिकशास्त्र शिकलोय. ढोबळ हिशेब मांडतो, चूक असेल तर दाखवा.

समजा यंत्र २० वॅट ध्वनिशक्ती पाण्यात सोडतं. ही चांगली उदार धारणा आहे. तलाव सरासरी ३ मीटर खोल. आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्या मधल्या थरात सगळीकडे सारखा पसरला आणि वाटेत काहीच शोषला गेला नाही असं धरू. २५० मीटर अंतरावर तो २ × ३.१४ × २५० × ३, म्हणजे सुमारे ४,७०० चौरस मीटरच्या भिंतीवर वाटला जातो. दर चौरस मीटरला ०.००४ वॅट. यावरून दाब काढला तर सुमारे ८० पास्कल येतो.

हवेचा नेहमीचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो. म्हणजे २५० मीटरवर एका वातावरणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पुटिका चिरडायला कित्येक वातावरणांइतका दाब लागतो. यंत्रापासून फक्त १ मीटरवर हिशेब केला तरी साधारण २,२०० पास्कल येतात. आवाज एका दिशेने एकवटला तर आकडा काही पटींनी वाढेल, पण हजारो पटींनी वाढणार नाही.

प्रयोगशाळेत मग जमतं कसं? तिथं शंभरेक वॅटचं यंत्र एका भांड्यातल्या थोड्याशा पाण्यात बुडवलेलं असतं. सगळी शक्ती लिटरभर पाण्यात. तेच यंत्र तलावात ठेवलं की ती शक्ती लाखो घनमीटरमध्ये वाटली जाते. बाटलीवरची हातोडी आणि समुद्रावरची हातोडी यांत जेवढा फरक, तेवढा.

---

जलयंत्र_सेवा

मी पंप, वायुवीजनाचे कारंजे आणि असले बोये बसवण्याच्या व्यवसायात आहे. माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगतो, म्हणजे माझं लिहिणं त्या हिशेबाने वाचा.

वहीकरांचं गणित मला मान्य आहे. पण आजचे उत्पादक पुटिका फोडण्याचा दावा करत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की कमी शक्तीच्या ध्वनीमुळे पाण्याच्या वरच्या थरात अडथळा तयार होतो, शेवाळाला वरखाली करणं जमत नाही, उजेड मिळत नाही आणि ते हळूहळू खाली जातं. पेशी फुटत नाही, त्यामुळे विषही बाहेर येत नाही. एका बोयाचं क्षेत्र ५०० मीटर व्यासाचं सांगतात. म्हणजे जवळपास ४८ एकर. बोयावर संवेदक असतात, शेवाळाच्या प्रकाराप्रमाणे कंपनसंख्या बदलते.

जपानमध्ये मितो शहरातल्या सेन्बा तलावात अल्ट्रासाऊंड वापरून काम झालंय. २००१ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. परिणाम चांगला होता. त्यामुळे सरसकट "होत नाही" म्हणू नये, एवढीच विनंती.

---

डेल्फ्टकर

नेदरलँड्समधून लिहितोय. बारा वर्षं इथल्या पाण्याच्या क्षेत्रात काम करतो. या देशात कालवे आणि उथळ तळी इतकी आहेत की दर उन्हाळ्यात निळसर-हिरव्या सायीच्या पाट्या लागतात, "पोहू नका, कुत्र्याला पाण्यात सोडू नका". असले बोये बनवणारी एक मोठी कंपनीही इथलीच. आणि त्यांची सगळ्यात कडक परीक्षा घेणारे संशोधकही इथलेच.

वागेनिंगेन विद्यापीठाचे मिकेल ल्युर्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनी बाजारात मिळणारी यंत्रं घेऊन प्रयोग केले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वाढणाऱ्या नीलहरित शेवाळावर त्या यंत्रांचा उपयोगी म्हणावा असा परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी त्यांचा दुसरा निबंध आला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, त्याच यंत्रांसमोर ठेवल्या. त्या मेल्या. या मिलिमीटरभराच्या जीवांचं अन्न म्हणजे शेवाळ. खाणारेच गेल्यावर पाणी आणखी हिरवं झालं.

जलयंत्र साहेब, तुम्ही व्यवसाय उघड सांगितलात याबद्दल आदर वाटला. पण सेन्बाच्या त्या निबंधाचं शीर्षकच सांगतं की तिथं अल्ट्रासाऊंडबरोबर पाण्याचे झोत फिरवले आणि तलावातलं पाणी बदलतं ठेवलं. तिन्ही एकत्र. त्यातलं कशाने किती झालं ते वेगळं कसं काढायचं? द्राक्षबाग दादांच्या बोअरच्या पाण्यासारखंच झालं हे.

---

जलयंत्र_सेवा

डेल्फ्टकर, हा मुद्दा रास्त आहे. पाणपिसवांचं मला माहीत नव्हतं. मी ज्यांच्याकडून यंत्रं घेतो त्यांना याबद्दल लेखी विचारतो.

---

मॉमी_नदीकाठी

मी ओहायोत टोलिडो शहरात राहते. २०१४ च्या ऑगस्टची २ तारीख विसरणं शक्य नाही. पहाटे फोन खणखणले, नळाचं पाणी पिऊ नका. ईरी सरोवरातल्या मायक्रोसिस्टिसचं विष शुद्धीकरण केंद्रातून पुढे आलं होतं. चार लाखांहून जास्त लोक. "उकळून प्या" हा आपला नेहमीचा उपाय, पण सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की उकळू नका. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, दूध बाटलीचं. पाण्याचा खोका मिळवायला नवरा दुसऱ्या राज्यात गाडी घेऊन गेला. ४ तारखेला बंदी उठली.

पाणवठा काका, तुमच्या तलावाचं पाणी कुणी पितं का? गुरं? हा प्रश्न यंत्राच्या आधीचा वाटतो.

---

रेणुका_वनस्पती

फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. त्याला जोडून एक.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर पिण्याच्या धरणात शेवाळ माजलं. लोकांनी वासाची तक्रार केली म्हणून पाण्यात मोरचूद टाकला गेला. शेवाळ मेलं, आणि त्यानंतर काही दिवसांत १४८ माणसं यकृताच्या आणि पोटाच्या आजाराने पडली, त्यांत बहुतेक मुलं. पेशी जिवंत असते तोवर बरंचसं विष तिच्या आत बंद असतं. एका झटक्यात पेशी फोडल्या की ते सगळं पाण्यात येतं.

म्हणून यंत्राने पेशी फुटतात की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका. हिरवेपणा कमी झाला आणि पाण्यातलं विरघळलेलं विष वाढलं, तर ती चाचणी नापास समजायची. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या मायक्रोसिस्टिसच्या विषाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सुचवलेली आहे. विष मोजणारी प्रयोगशाळा आधी शोधावी लागेल.

---

पाणवठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. रात्री दोन वेळा सगळा धागा वाचून काढला.

आमच्याकडे माणसं हे पाणी पीत नाहीत, पण गुरं पितात आणि मुलं पोहतात. मॉमी_नदीकाठी ताई, तुमची पोस्ट वाचल्यावर सकाळीच पाटी लिहून घेतली. साय असलेल्या काठाला गुरं नेऊ नयेत, मुलांनी उतरू नये. ती उद्या लागेल. यंत्राचं काय व्हायचं ते होवो.

आता चाचणी. मला कॅनडातल्या एका तलावाची फार आठवण येते. ओंटारियोमध्ये २२६ क्रमांकाचा तलाव, दोन खोलगटांचा, मध्ये चिंचोळा. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा लावून तलावाचे दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या बाजूला तेच दोन आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी होती तशीच राहिली. आकाशातून काढलेला फोटो पाहिला की वाद उरत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं येण्यामागे त्या फोटोचा मोठा वाटा होता.

आपल्याला हेच हवं. एकच तलाव, एकच ऊन, एकच पाऊस, आणि फरक एकाच गोष्टीचा. पडदा लावणं आमच्या आवाक्यात आहे का, बघतो.

---

गणिताची_वही

सर, पडद्याची एक अडचण आहे. पातळ प्लास्टिक आवाजाला अडवत नाही. पाण्यातून आलेली ध्वनिलहर पलीकडे जवळजवळ तशीच जाते. मग "यंत्र नसलेली" बाजूही यंत्राच्या आवाजातच राहील. आवाज अडतो तो हवेने. पडद्याला बबलरॅपसारखा हवेचे फुगे असलेला थर जोडला तर काम होईल, पण तो पाण्यात बुडवून ताणून ठेवणं जिकिरीचं.

त्यापेक्षा, तुमच्या भागात दगडाच्या जुन्या खणी असतील ना? शेजारशेजारच्या, पाणी भरलेल्या?

---

पाणवठा (धागाकर्ता)

आहेत! तलावाच्या वरच्या अंगाला दोन खणी आहेत, मध्ये दगडाची भिंत. दोन्हींत एकाच वस्तीचं सांडपाणी झिरपतं आणि दोन्ही उन्हाळ्यात सारख्याच हिरव्या होतात. हे मला सुचायला हवं होतं.

---

डेल्फ्टकर

मग उत्तम. काही गोष्टी मात्र आधीच ठरवून, लिहून, समितीच्या सह्या घेऊन ठेवा.

यंत्र पाण्यात जाण्याआधी किमान महिनाभर दोन्ही खणींची मोजमापं घ्या, म्हणजे त्या मुळात किती सारख्या आहेत ते कळेल. दुसऱ्या खणीत त्याच आकाराचा बोया ठेवा, पण बंद. सावली, हेलकावे, देखभालीला जाणारी नाव, सगळं सारखं झालं पाहिजे. मधल्या काळात अदलाबदल करा. पहिल्या खणीतलं यंत्र बंद करून दुसरीतलं चालू करा. यंत्रामुळे फरक पडत असेल तर तो यंत्राच्या मागोमाग दुसऱ्या खणीत गेला पाहिजे. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत हे सगळं संपवा. नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात नव्याने सुरू करा.

मोजायचं काय? पारदर्शकता तर रोज. त्याशिवाय क्लोरोफिल, पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी, विरघळलेलं विष आणि पहाटेचा ऑक्सिजन. शेवाळ बुडून तळाशी कुजलं तर ऑक्सिजन पहाटे सगळ्यात खाली जातो, मासे तेव्हाच गुदमरतात. आणि कृपा करून पाणपिसवा मोजा. त्या कुणीच मोजत नाही.

---

द्राक्षबाग

एक विचारतो. आमचं तळं लहान आहे, रोज प्रयोगशाळा परवडत नाही. पारदर्शकता घरच्या घरी कशी मोजायची?

---

पाणवठा (धागाकर्ता)

दादा, सोपं आहे. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घ्या. चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मध्ये भोक पाडून दोरी बांधा, खाली वजन लावा. दोरीला दर १० सेंटिमीटरवर खूण करा. पाण्यात सोडत जा, दिसेनाशी झाली की खोली लिहा, वर ओढताना पुन्हा दिसली की लिहा, दोन्हींची सरासरी घ्या. सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये ही पद्धत समुद्रात वापरली, आजही जगभर तीच चालते. रोज त्याच जागी, त्याच वेळी, शक्यतो दुपारच्या आसपास. वाऱ्याने साय एका काठाला जाते, म्हणून काठावरून मोजू नका.

बोअरचं पाणी सोडलं, खत पडलं, पाऊस झाला, तर तेही त्याच वहीत लिहा.

---

सह्यवारा

सगळं वाचलं. कळकळीने एक विचारते. वस्तीचं सांडपाणी झिरपतं हे वर येऊन गेलं आणि चर्चा पुन्हा यंत्राकडे गेली. २२६ क्रमांकाच्या तलावाने फॉस्फरसचं सिद्ध केलं, तर आपण सांडपाण्यातून येणारा फॉस्फरस का थांबवत नाही? रंकाळ्याचं दुखणं आम्ही कोल्हापूरकरांनी आयुष्यभर पाहिलंय. आधी केंदाळ, मग हिरवं पाणी. केंदाळ काढलं, पण नाले येत राहिले तोवर पाणी पुन्हा पुन्हा बिघडत राहिलं.

सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवराचं उदाहरण आहे. १९६३ ते १९६८ या काळात त्यांनी सरोवरात येणारं प्रक्रिया केलेलं सांडपाणीसुद्धा टप्प्याटप्प्याने वळवलं. पुढच्या काही वर्षांत पाणी निवळलं. कुठलंही यंत्र सरोवरात न सोडता.

---

पाणवठा (धागाकर्ता)

सह्यवारा ताई, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. बैठकीत हे मी मांडलं तेव्हा उत्तर मिळालं, "सांडपाण्याचा नाला वळवायला निधी नाही, यंत्राला आहे." म्हणून चाचणी नीट व्हायला हवी. ती नापास झाली तर तोच निधी नाल्यासाठी मागता येईल. पास झाली तरी नाल्यातला फॉस्फरस महिन्यातून दोनदा मोजून त्याच अहवालात लिहायचा, असा आग्रह मी धरणार आहे. दोन्ही आकडे एकाच कागदावर आले की समितीला दोन्हींकडे बघावं लागेल.

---

जलयंत्र_सेवा

सर, माझ्याकडे दोन बोये आहेत. एक चालू, एक दुरुस्तीला आलेला, तो बंदच असतो. खणींसाठी दोन्ही विनामूल्य देतो. निकाल काय येईल तो येवो, इथं जसाच्या तसा लिहा. उत्पादकांना पाणपिसवांबद्दल पत्र पाठवलंय, उत्तर आलं की टाकतो.

---

रेणुका_वनस्पती

आणि मोजणीला माझ्या शेवटच्या वर्षाच्या सहा मुली येतील. दोन सूक्ष्मदर्शक आणि प्लवक गाळायची जाळी आमच्या विभागातून आणतो. पाणवठा सर, दोन्ही खणींवर उतरायला वाट आहे ना? शनिवारी सकाळी सातला येऊन पहिला नमुना घेतो. तबकड्या तेवढ्या तुम्ही रंगवून ठेवा.